कॉलेजच्या पोरांकडून कॅन्टीनची कार्बन तपासणी करून घेतली, त्याचा रिव्ह्यू

हॉटेलांचे रिव्ह्यू मी रोज वाचते पण लिहायला बसले ती आज पहिल्यांदाच, आणि तेही हॉटेलबद्दल नाही. चेंबूर-गोवंडीच्या पट्ट्यात एका कॉलेजचं कॅन्टीन आम्ही चालवतो, एकोणीस वर्षं झाली, आधी सासरे होते, मग आमचे हे आणि मी. इतकी वर्षं पोरांनी आमच्या वड्याला, उसळीला, चहाला स्टार दिले, कधी कापले. आता त्यांच्यातल्याच पाच जणांनी आमच्याकडे येऊन एक काम करून दिलं, फुकट, तर स्टार द्यायची पाळी माझी. पाचपैकी साडेतीन देते. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

झालं असं की मागच्या ऑगस्टमध्ये ही पाच जणं आली. म्हणाली मावशी आम्ही अख्ख्या कॉलेजचा कार्बन मोजतोय, किती वीज जळते किती गॅस जळतो, आणि कमी कसा करता येईल ते बघतोय, कॅन्टीनपासून सुरुवात करू का. मी म्हटलं झालं, आलं नॅक. कारण आमच्याकडे नॅकची टीम (कॉलेजला ग्रेड देणारे) यायची असली की असलं काहीतरी निघतंच, ग्रीन ऑडिट म्हणून फाइल तयार होते, कुंड्या येतात, कॅन्टीनच्या भिंतीला हिरवा रंग लागतो आणि टीम गेली की कुंड्यासुद्धा जातात. माझा अजिबात विश्वास नव्हता खोटं कशाला बोलू. ह्यांनी तर सरळ सांगितलं, बाराच्या आत या नाहीतर तीनच्या नंतर, जेवणाच्या वेळी पायात पायात करायचं नाही.

तर पहिला पॉइंट त्यांच्या बाजूने हा की ती पोरं खरंच बाराच्या आत आली. आणि येऊन भाषण दिलं नाही, आमच्या बटाट्याच्या वजनकाट्यावर सिलेंडर ठेवायला मागितला. आचारी हसला. त्यातली एक मुलगी आहे, डोंबिवलीहून येते, तिच्या हातात कायम एक लांबट वही, हिशेबाची असते तसली, आम्ही तिला वहीवालीच म्हणतो. तिने सकाळी सहाला शेगडी पेटायच्या आधी वजन घेतलं, मग दुपारी तीनला आणि संध्याकाळी सहाला घेतलं, असं तीन आठवडे. म्हणजे ती डोंबिवलीहून सकाळी सहाला चेंबूरला, किती वाजताची गाडी पकडली असेल विचार करा.

आता हिशेब ऐका. महिन्याला आम्हाला १९ किलोचे २२ सिलेंडर लागायचे. त्यांच्यातला एक पोरगा म्हणाला एक किलो गॅस जळला की साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एका सिलेंडरचे ५७ किलो. मी म्हटलं अरे बाबा सिलेंडरमध्ये गॅसच १९ किलो, त्यातून ५७ किलो कुठून काढलास, आमच्याकडे एवढी बरकत असती तर कॅन्टीन कशाला चालवलं असतं. तो गोंधळला, काहीतरी केमिस्ट्री सांगायला लागला, जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो वगैरे. मग माझं मलाच कळलं, म्हटलं म्हणजे तांदळासारखं, एक किलो तांदूळ शिजवला की भात तीन किलोच्या आसपास होतो, बाकीचं पाणी. तर तो पोरगा आनंदाने उडालाच, म्हणाला मावशी हे मी प्रेझेंटेशनमध्ये टाकू का. टाक म्हटलं. टाकलं त्याने, माझं नाव न घालता.

पण खरी मजा पुढे. तीन आठवड्यांचं वजन बघून वहीवाली म्हणाली मावशी दुपारी तीन ते सहा तुम्ही काहीच शिजवत नाही तरी सिलेंडर हलका होतोय, का. का म्हणजे चहा. आमच्याकडे चहाचं मोठं पातेलं सकाळपासून बाजूच्या बर्नरवर मंद आचेवर असतं, सासऱ्यांपासूनची पद्धत, पोरगं कधीही आलं तर चहा गरम मिळाला पाहिजे. तिने तो एक बर्नर वेगळ्या सिलेंडरला लावायला लावला आणि दिवसभराचं वजन काढलं, ६०० ग्रॅमच्या आसपास भरलं. रोज ६०० म्हणजे २५ दिवसांचे १५ किलो. म्हणजे महिन्याला जवळपास एक सिलेंडर आम्ही नुसता चहा गरम ठेवायला जाळत होतो, चहा करायला नाही, ठेवायला! एकोणीस वर्षं! त्या दिवशी ह्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन खालून नळ असलेला दहा लिटरचा स्टीलचा इन्सुलेटेड कॅन घेऊन आले, आता तासा-दीड तासाला घाण होतो (आमच्यात एका वेळच्या मालाला घाण म्हणतात, नाक मुरडू नका) आणि कॅनमध्ये भरतो. आणि चहाही चांगला लागतो कारण उकळून उकळून कडू होत नाही. हे पोरांनी सांगितलं नव्हतं, हे आमचं आम्हाला कळलं.

बर्नरचंही तसंच. दोन बर्नरची ज्योत पिवळी होती, पातेल्यांची बुडं काळी व्हायची, आम्हाला वाटायचं जुनी पातेली आहेत. जेटमध्ये कचरा. साफ करून आणले, ज्योत निळी झाली, आणि भांडी घासणाऱ्या बाईंचा अर्धा तास वाचला. वाटाणे-छोले आम्ही भिजवायचोच पण उघड्या पातेल्यात शिजवायचो, ते आता सगळे मोठ्या कुकरला. एकूण २२ चे १८-१९ सिलेंडर झाले. हे आकडे माझ्या बिलांवरचे आहेत, पोरांच्या रिपोर्टमधले नाहीत.

विजेचं सांगते. त्यांच्याकडे एक मीटर आहे, प्लग आणि बोर्डाच्या मध्ये लावायचं, किती युनिट गेले ते दाखवतं. ते त्यांनी आमच्या जुन्या डीप फ्रीजरला लावलं. चोवीस तासांत ६.२ युनिट. नव्या फ्रीजरला निम्म्याहून कमी. मग पाचातल्याच एका चष्मेवाल्या पोराने दहाची नोट फ्रीजरच्या झाकणात अडकवली आणि ओढली, ती सटकन निघाली, म्हणाला मावशी रबर गेलंय, थंडी बाहेर पळते. आत बर्फ दोन बोटं साठलेला. आणि फ्रीजर ज्या भिंतीला टेकवून ठेवलेला त्या भिंतीच्या पलीकडे आमची भट्टी! म्हणजे एकीकडून आम्ही तापवतोय आणि दुसरीकडून तो बिचारा थंड करतोय. रबर बदललं, बर्फ काढला, फ्रीजर सरकवला, ४.१ वर आला. रोजचे दोन युनिट. पोरं म्हणतात आपल्या ग्रिडच्या विजेला एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन धरायचा कारण बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. कॉलेजच्या गच्चीवरून ट्रॉम्बेच्या वीज केंद्राची ती उंच चिमणी दिसते ना, वहीवालीने मला गच्चीवर नेऊन दाखवली, म्हणाली तुमचा फ्रीजर इथे आहे पण धूर तिथे निघतो. तशी ही मुंबई शंभर वर्षांपूर्वी खोपोलीच्या पाण्यावरच्या विजेवर चालायची, १९१५ ला सुरू झालं ते, हे मला आमच्या सासऱ्यांनी सांगितलेलं, ते मी तिला सांगितलं, म्हटलं सगळं तुम्हालाच माहीत असतं असं नाही.

फ्रीजरवरून आठवलं, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि मला वाटतं हे कोणीच सांगत नाही. मधे त्याच फ्रीजरचं कूलिंग कमी झालं तर मेकॅनिक आला, नेहमीप्रमाणे म्हणाला गॅस कमी झालाय, आहे तो सोडून देतो, नवीन भरतो. चष्मेवाला तिथे वडापाव खात बसला होता तो उठलाच. त्याने फ्रीजरच्या मागचं लेबल वाचलं, आर १३४ ए. म्हणाला मावशी हा गॅस किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट तापवतो हवेला. तुमच्या फ्रीजरमध्ये ३०० ग्रॅम असेल, तो हवेत सोडला तर सव्वाचारशे किलो कार्बन सोडल्यासारखं, म्हणजे सात-साडेसात सिलेंडर जाळल्यासारखं. वास नाही, धूर नाही, दोन मिनिटांत फुस्स. मी मेकॅनिकला म्हटलं आधी लीक कुठे आहे ते शोध. तो कुरकुरला, दोनदा आला, पण सापडलं, सांध्यात होतं. आधी तो दर वर्षी गॅस भरून पैसे घेऊन जायचा आणि लीक तसंच. म्हणजे बघा इतक्या वर्षांत कार्बनचं राहू दे, माझे पैसे किती गेले असतील.

आता दुधाची भानगड. त्यांनी सगळ्याचा तक्ता केला आणि मला दाखवताना जरा बिचकतच होते. गॅसचा महिन्याचा सव्वा टन, विजेचा सहाशे-साडेसहाशे किलो, आणि दूध तीन टनांच्या वर! आमच्याकडे रोज ४० लिटर दूध लागतं. जगाची सरासरी धरली तर एका लिटरमागे तीन किलोच्या आसपास धरतात म्हणे, गुरांच्या ढेकरांतला मिथेन (हाही हवा तापवणारा गॅस), चारा, वाहतूक सगळं मिळून. पोरांनी खाली लिहिलं होतं की आपल्याकडच्या गाई-म्हशींचा आकडा वेगळा असू शकतो. मला तो प्रामाणिकपणा आवडला. पण मुद्दा असा की शेगडी आणि मीटर दोन्ही मिळून जेवढं होत नाही तेवढं चहातल्या दुधात आहे. मग काय करायचं, काळा चहा विकायचा? मी म्हटलं बाळांनो तुमच्या जन्माच्या आधीपासून मुंबईने ह्यावर तोड काढलीय, कटिंग म्हणतात त्याला. हसली सगळी. पण खरंच आम्ही नंतर फुल चहा काउंटरवरच्या बोर्डावरून काढून टाकला, मागितला तर देतो, न मागता कटिंगच. रोजचं तीन-चार लिटर दूध कमी लागायला लागलं आणि एकाही पोराने तक्रार केली नाही, कारण निम्मा फुल चहा बेसिनमध्येच जायचा.

भातावरून मात्र भांडण झालं माझं. आमचं गाव कणकवलीकडे, घरची भातशेती आहे, आणि हा पोरगा मला सांगतोय की भाताच्या शेतात पाणी साठून राहतं म्हणून चिखलातले जंतू मिथेन सोडतात. अरे आमच्या आज्या-पणज्यांनी कुणग्यात भातच लावला, दुसरं काय लावणार होते, आंबोळीला गहू चालतो का. तो बिचारा गप्प झाला. मग वहीवालीने समजावलं, ती म्हणाली मावशी कोणी खाऊ नका म्हणत नाही, पण जो भात ताटात टाकून जातात त्याच्यासाठी शेतात पाणी साठलं, ट्रकने आला, तुमच्या गॅसवर शिजला, आणि आता डम्पिंगवर जाऊन कुजणार, तिथे हवा लागत नाही म्हणून परत मिथेन. दोन्हीकडून. हे मात्र मला पटलं, कारण २०१६ च्या जानेवारीत देवनारचं डम्पिंग पेटलं होतं तेव्हा चेंबूरमध्ये आम्ही दिवसच्या दिवस खिडक्या लावून बसलो होतो, घसे धरले होते सगळ्यांचे. आत साठलेला हाच गॅस पेट घेतो म्हणे.

मग त्यांनी आठ दिवस ताटातलं उष्टं वेगळ्या बादलीत काढून वजन केलं. रोजचं १४ किलो, आणि त्यात निम्म्याहून जास्त भात. मी म्हटलं हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं, राईस प्लेटमधला भात पोरींना संपत नाही आणि काही पोरांना पुरत नाही. मग राईस प्लेटचे दोन प्रकार केले, हाफ राईसची दहा रुपयांनी स्वस्त, आणि ज्याला पाहिजे त्याला भात पुन्हा, फुकट. ह्यांना भीती होती की सगळे पुन्हा मागतील. नाही मागत, उठून यायचा कंटाळा. आणि आजचं स्पेशलच्या फळ्यावर खाली एक ओळ, काल उष्टं किती किलो. वहीवालीला ही आयडिया अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजवरून सुचली, तिथे २००५ मध्ये हॉस्टेलमध्ये कोण किती वीज वापरतंय ते पोरांना दाखवत दोन आठवडे स्पर्धा लावली होती तर वीज ३२ टक्क्यांनी कमी झाली. आमच्या फळ्यावर १४ चं ९ झालं दोन महिन्यांत. एकदा ११ झालं तर मेकॅनिकलवाले आणि आयटीवाले एकमेकांवर ढकलत होते.

आता स्टार कुठे कापले ते.

एक, इंडक्शन. कोणाच्या तरी डोक्यात आलं की गॅस बंद करून सगळं विजेवर करायचं. मला न विचारता दोन मोठे इंडक्शन कुठून तरी भाड्याने आणले आणि भर दुपारी साडेबाराला ट्रायल! एमसीबी उडाला, पंखे बंद, मिक्सर बंद, दोनशे पोरं घामाने थबथबलेली, ऑक्टोबरचा महिना, आणि डोशाचं पीठ अर्धं वाटलेलं ग्राइंडरमध्ये. वायरिंगला लोड झेपतो का हे बघणं हे तपासणीवाल्यांचं पहिलं काम नाही का? आणि वर रिपोर्टमध्ये लिहिलं की गॅस शून्य म्हणजे सव्वा टन वाचला. चष्मेवाल्यानेच तो घोटाळा पकडला, त्याचं कौतुक, तो म्हणाला गॅस गेला पण वीज वाढली ती कोण मोजणार, आणि आजची वीज जास्त करून कोळशाची, तेवढंच पाणी इंडक्शनवर उकळलं तर शेगडीपेक्षा कार्बन जास्तच येतो. गच्चीवर सोलर असेल तर गोष्ट वेगळी. मग ते पान काढलं. पण माझी ती दुपार कोण परत देणार.

दोन, स्टीलचे ग्लास. कागदी कप बंद करा म्हणून मोहीम झाली, चांगलीच होती, दीडशे ग्लास आले. दोन महिन्यांत साठ उरले, बाकीचे हॉस्टेलमध्ये टूथब्रश ठेवायला गेले असणार, मी एका पोराच्या रूमच्या खिडकीत बघितलाय. ते एक वेळ सोडा. पण ग्लास धुणार कोण हा प्रश्न कोणालाच पडला नाही. आमच्या भांडी घासणाऱ्या बाई, सांधे दुखतात त्यांचे, पाणी मोजून येतं, त्यांना एकदम रोजचे सहाशे-सातशे ग्लास जास्तीचे. कपांचा कार्बन कमी झाला आणि तो भार त्या बाईंच्या मनगटावर आला, आणि तुमच्या पीपीटीत त्याला कॉलमच नाही. त्यांनी पगार वाढवून मागितला, बरोबरच मागितला, आम्ही दिला. मी वहीवालीला हे सुनावलं तर तिने ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी बाईंच्या शेजारी बसून एक तास ग्लास धुतले आणि मग वहीत लिहिलं. म्हणून कापला तो अर्धाच स्टार.

बायोगॅसचं मी त्यांच्या बाजूने आहे. आपल्याकडे इथेच ट्रॉम्बेला बीएआरसीत, म्हणजे भाभा अणु संशोधन केंद्रात, डॉ. शरद काळे यांनी निसर्गऋण नावाचं बायोगॅस तंत्र तयार केलंय, उष्ट्यापासून गॅस, किती ठिकाणी लागलंय ते. पोरांना वाटलं लगेच बसवू. पण मग त्यांनीच हिशेब केला, २० किलो ओला कचरा असेल तर दिवसाला एक किलोच्या आतच सिलेंडरच्या गॅसइतकं मिळणार, म्हणजे महिन्याला एक सिलेंडर. आणि उष्टं तर आता ९ किलोवर आलंय! चष्मेवाला म्हणाला मावशी आपण कचरा कमी केला म्हणून प्लांट परवडत नाही. शिवाय मे महिन्यात आणि दिवाळीत प्लांटला खायला कोण घालणार, उपाशी राहिला की बंद पडतो तो. नको म्हणून लिहिलं त्यांनी रिपोर्टमध्ये, आणि नको लिहिणारा रिपोर्ट मी पहिल्यांदाच बघितला, नाहीतर सगळ्यांना काहीतरी बसवायचंच असतं.

रिपोर्टबद्दल पण बोलते. पहिली चार पानं मुंबई क्लायमेट ॲक्शन प्लॅन, मार्च २०२२ ला आला, २०५० पर्यंत नेट झीरो (जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच परत शोषायचा) वगैरे, ठीक आहे, ते मोठ्या साहेबांसाठी. मग स्कोप वन, टू, थ्री. आमच्या शेगडीत जळतं ते वन, आमच्यासाठी वीज केंद्रात जळतं ते टू, आणि दूध-तांदूळ-ट्रक-पोरांचं येणंजाणं हे सगळं थ्री. एवढं समजलं. पण पुढे म्हणे कॅन्टीन कॉन्ट्रॅक्टवर आहे म्हणून कॉलेजच्या हिशेबात आम्ही अख्खे स्कोप थ्री! म्हणजे भाडं घेताना आम्ही कॉलेजचे आणि धूर मोजताना बाहेरचे. ह्यावर त्या पोरांकडे उत्तर नव्हतं, सरांकडेही नव्हतं.

आणि त्या रिपोर्टच्या प्रकाशनाला काय झालं, तर दहा फुटी फ्लेक्स लागला, पर्यावरण वाचवा असं लिहिलेला, प्लास्टिकचा. पाहुण्यांना पाण्याच्या छोट्या बाटल्या. सभागृहात एसी एवढा की वहीवाली ओढणी गुंडाळून बसलेली. एसी २४ वर ठेवा असं तिच्याच रिपोर्टमध्ये होतं, २०२० पासून नवीन एसी २४ वरच सेट होऊन येतात, एक डिग्री वर घेतला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई, ती वीजबचतीची सरकारी संस्था, सांगते, आणि रिमोट मात्र पहिल्या रांगेत कोणाच्या तरी हातात. ह्यात पोरांची चूक नाही, हा सगळा थाट वरून आलेला. पण तेव्हा त्यांनी उठून सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. समोर आमच्या काउंटरवर दहाची नोट घेऊन फ्रीजर तपासणारं पोरगं तिथे गप्प.

सगळ्यात मोठा स्टार कापला तो मे महिन्यासाठी. पाचातली तीन पास होऊन गेली. चष्मेवाल्याला पुण्यात नोकरी लागली. ते प्लगचं मीटर डिपार्टमेंटच्या कपाटात, चावी सरांकडे, सर सुट्टीवर. फळ्यावरची उष्ट्याची ओळ एप्रिलमध्येच पुसली गेली. परीक्षेत कोणी लिहिली नाही, मग आचाऱ्याने तिथे कोकम सरबत लिहिलं. मी कुठेतरी वाचलंय की आमच्या पवईच्या आयआयटीतल्या पोरांनी, टीम शून्य, २०१४ मध्ये फ्रान्सला व्हर्सायमध्ये सौरऊर्जेवरचं घर नेऊन उभं केलं होतं स्पर्धेत, आणि त्याच नावाची टीम नंतरही वर्षानुवर्षं चालू राहिली, नवीन पोरं येत गेली. आमच्याकडे तसं काही नाही. दर वर्षी पहिल्यापासून. मला तर धाकधूक आहे की आता नवीन पाच जणं येतील आणि पुन्हा विचारतील मावशी महिन्याला किती सिलेंडर लागतात.

वहीवाली जाताना वही मला देऊन गेली. डिपार्टमेंटला दिली तर कपाटात जाईल म्हणाली. ती आता गल्ल्याच्या खाली असते, उधारीच्या वहीशेजारी. सिलेंडर लावला की आचारी भिंतीवर खडूने तारीख टाकतो, ती मी रात्री वहीत उतरवते, ही सवय मात्र लागली. कोल्ड्रिंकवाल्यांचा तो काचेचा फ्रिज शनिवारी संध्याकाळी बंद करून जातो, आत बाटल्याच तर असतात, सोमवारी सकाळी चालू केला की दहापर्यंत गार. मेकॅनिकला सांगून ठेवलंय लीक शोधल्याशिवाय गॅस भरायचा नाही.

कोणाचं कॉलेजात कॅन्टीन असेल, मेस असेल, आणि अशी पोरं आली तर हाकलू नका. फक्त वायरिंगचा लोड आधी विचारायला लावा, भांडी घासणाऱ्या बाईंना मीटिंगला बसवा आणि वहीची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. ऑगस्टमध्ये बोलवा, परीक्षेच्या तोंडावर नाही. पैसे घेत नाहीत, चहा पितात, कटिंगच.

स्टार वाढवायला मी तयार आहे. कॉलेज वीस तारखेला उघडतंय, आणि जुन्या फ्रीजरचं नवीन रबर परत एका कोपऱ्यातून सुटायला लागलंय, दहाची नोट लावून बघितली मी परवा.